मूल होत नाही? नवऱ्याचीही तपासणी करा; कारणांच्या यादीत आता प्लास्टिकही

५ मिलिमीटरहून लहान प्लास्टिकच्या कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इटलीत तपासलेल्या ६ बाळंतिणींपैकी चौघींच्या वारेत हे कण सापडले होते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठाने २३ पुरुषांचे आणि ४७ कुत्र्यांचे वृषण तपासले. एकही नमुना प्लास्टिकविना निघाला नाही! कुत्र्यांमध्ये पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) जिथे जास्त, तिथे शुक्राणू कमी दिसले. माणसांचे नमुने साठवणीतले, त्यामुळे त्यांचे शुक्राणू मोजता आले नाहीत. म्हणजे माणसाबाबत पुरावा अजून पक्का नाही. तरी आपल्याकडे दवाखान्यात आधी सुनेलाच नेतात, हे चुकतंय. वीर्यतपासणी तर अगदी साधी असते.

हे प्लास्टिक पोटात जातं कसं? टपरीवरचा कागदी कपच घ्या. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर सुमारे २५ हजार कण सुटतात, असं खरगपूर आयआयटीने २०२० मध्ये मोजलं. शेतावर मजुरांसाठी कॅरीबॅगेत गरम चहा बांधून नेतात, तेही टाळा. स्टीलची किटली आणि पेले न्या.