गाडीची सीट जागची हलेना

गेल्या वेळी आपण गाडीच्या बॅटरीबद्दल बोललो होतो. त्यानंतर जे फोन आले त्यातले तीन एकाच तक्रारीचे होते : "ताई, बटण दाबलं तरी ड्रायव्हरची सीट हलत नाही." त्यातल्या एका बाईंची उंची पाच फुटांच्या आत, यजमान उंच. यजमानांनी गाडी नेली, सीट मागे सरकवली, आणि ती तिथेच अडकून बसली. आता बाईंचा पाय ब्रेकपर्यंत पोचतो, पण चवड्याच्या टोकाने. घरचे म्हणतात, नीट होईपर्यंत तू चालवू नकोस. गॅरेजवाला म्हणतो, मोटर गेली, सगळी सीटच बदलावी लागेल. आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून घरात विषयच बंद झाला. म्हणजे मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, स्वतःची नोकरी, सगळं पुन्हा दुसऱ्याच्या सवडीवर.

घरचे "चालवू नकोस" म्हणाले ते मात्र बरोबरच आहे. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणून ब्रेक दाबावा लागत असेल, तर अचानक थांबायच्या वेळी जोर अपुरा पडतो. पाठीमागे उशी लावून भागवू नका. उशी सरकते, पट्टा अंगावर सैल बसतो. उलट बाजूचाही धोका आहे. सीट फार पुढे अडकली असेल तर छाती स्टिअरिंगला चिकटते. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरसमोरची एअरबॅग सक्तीची आहे. ती फुगते तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. म्हणून छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे १० इंच अंतर हवं, असं अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था सांगते. उंचीने लहान असलेल्या आपल्यासारख्या बायकांना हे अंतर नेमकं साधायला सीट दोन बोटं इकडेतिकडे सरकावी लागते. तेव्हा ही चैनीची वस्तू बिघडली, बघू पुढच्या महिन्यात, असं म्हणण्यातलं हे काम नाही.

पण म्हणून सगळी सीट बदलायची का? बहुतेक वेळा नाही. बिघाड फ्यूजमध्ये, बटणात, सीटखालच्या एखाद्या जोडणीत किंवा चक्क अडकलेल्या पेनात असू शकतो. तो कुठे आहे हे एकही स्क्रू न काढता, घरच्या अंगणात, पंधरा-वीस मिनिटांत बरंचसं कळतं. त्यासाठी आधी सीटच्या पोटात काय आहे ते बघू.

चकलीचा फिरकीचा सोऱ्या आठवा. वरची मूठ फिरवली की आट्यांचा दांडा खाली जातो आणि पीठ ढकलतो. सीटखाली तसाच आट्यांचा दांडा असतो, फक्त आडवा. आपल्या मुठीच्या जागी तिथे शिलाई मशीनच्या मोटरसारखी एक छोटी मोटर. मोटर फिरली की दांडा फिरतो आणि सीट दोन लोखंडी पट्ट्यांवरून पुढे किंवा मागे जाते. पुढे-मागे करायला एक मोटर, उंची कमी-जास्त करायला दुसरी, पाठ कलती करायला तिसरी. काही गाड्यांत मांडीखालचा भाग उचलायला चौथी असते. म्हणजे "सीटची मोटर गेली" असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न हा, की कुठली मोटर?

प्रत्येक मोटरला दोन वायरी. बटण एका बाजूला दाबलं की पहिल्या वायरीत बॅटरीचे १२ व्होल्ट येतात आणि दुसरी अर्थला जोडली जाते. बटण उलट दाबलं की अदलाबदल होते आणि तीच मोटर उलटी फिरते. साध्या सीटची सगळी हुशारी एवढीच, पण तपासणीत ती फार कामाला येते.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मुलं गाडीबाहेर. काही गाड्यांत चावी चालू केल्याशिवाय सीट हलत नाही, म्हणून आधी चावी चालू करून बघा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण शेजारणीची गाडी चालवायला घेतली की इथेच घोटाळा होतो.

मग मोबाइलचा टॉर्च लावून सीटच्या खाली बघा, पुढूनही आणि मागच्या सीटवरूनही. पट्ट्यांच्या खाचांत काय काय सापडतं! केसांच्या पिना, सुट्टी नाणी, कंपासपेटीतलं कर्कटक, पाण्याच्या बाटलीचं झाकण, चार्जरची वायर. यातलं काहीही आट्यांत किंवा खाचेत अडकलं की सीट थांबते. लांब चिमट्याने काढा, आणि काढताना बटणाला कुणाचा हात लागणार नाही हे बघा, नाहीतर बोट चेमटेल. अडकलेल्या सीटवर आपण बटण दाबत राहिलो असलो तर मोटर तापते, आणि बऱ्याच गाड्यांत ती जळू नये म्हणून करंट आपोआप तोडणारी सोय असते. म्हणून अडथळा काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं सीटला विश्रांती द्या आणि मग बटण दाबा. कित्येकींचं काम इथेच संपतं.

नाही संपलं, तर बाकीची बटणं दाबून बघा. सीट वर-खाली होते, पाठ कलते, पण पुढे-मागे होत नाही, असं असेल तर फ्यूज ठीक आहे, सीटपर्यंत वीज येते आहे. दोष त्या एकाच मोटरमध्ये, तिच्या वायरीत किंवा बटणाच्या तेवढ्याच भागात. काहीच हलत नसेल तर तिन्ही-चारही मोटरी एका दिवशी जाणार नाहीत, हे आपल्याला कळतं. तिथे फ्यूज, सीटखालची मुख्य जोडणी किंवा अर्थची वायर यांच्यावर संशय घ्यायचा. आणि सीट पुढे जाते पण मागे येत नाही, असं असेल तर? मोटर तीच, वायरी त्याच, एका दिशेला चालतात. मग दोष बहुधा बटणात, आतल्या संपर्काच्या पट्टीत. आमच्या मते ही खूण सगळ्यात उपयोगी, कारण बटण ही यातली त्यामानाने स्वस्त वस्तू आणि मोटर महाग. मेमरीवाल्या सीटचं गणित थोडं वेगळं, ते पुढे येईलच.

नंतर कान द्या. रेडिओ, एसी, इंजिन बंद. बटण दाबल्यावर सीटखालून घर्रर्र आवाज येतो पण सीट हलत नाही? म्हणजे मोटर जिवंत आहे, पण तिची फिरकी दांड्यापर्यंत पोचत नाही. मधली लवचीक केबल निसटली असेल किंवा प्लॅस्टिकच्या चक्राचे दात झिजले असतील. नुसतं टिक् आणि मग शांतता? मोटर अडकली आहे किंवा तिला पुरेसा करंट मिळत नाही. काहीच आवाज नाही? मग पुढची परीक्षा करा, ती आमची आवडती आहे.

संध्याकाळी, इंजिन बंद ठेवून, दार उघडं ठेवा म्हणजे छताचा दिवा लागेल. दिव्याकडे बघत सीटचं बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला, तर करंट मोटरपर्यंत जातो आहे आणि मोटर जोर करते आहे, पण फिरू शकत नाही. दोष यांत्रिक, अडकण्याचा. दिवा जरासुद्धा हलला नाही, तर करंट वाटेतच तुटला आहे : फ्यूज, बटण, वायर, जोडणी. घरात मिक्सर लावल्यावर कमी दाबाच्या दिवसांत बल्ब मिचकतो ना, तसंच हे. मात्र छताचा दिवा एलईडी असेल तर तो फारसा मंद होत नाही, तेव्हा या परीक्षेवर सगळा भरवसा ठेवू नका.

मोटर अडकली आहे असं दिसलं तर एक जुनी युक्ती आहे. एकीने बटण दाबून धरायचं आणि दुसरीने मोटरच्या डब्यावर लाटण्याच्या मुठीने हलकेच टकटक करायचं. हात दांड्यापासून आणि पट्ट्यांपासून लांब ठेवा. आतला संपर्क चिकटला असेल तर मोटर एखादवेळ फिरते आणि सीट आपल्याला हवी तिथे येते. तिथेच थांबा, पुन्हा खेळू नका, सरळ गॅरेजला जा. ही दुरुस्ती नव्हे. पण सीट योग्य जागी आली की निदान गाडी चालवता येते.

आता फ्यूज. गाडीच्या पुस्तकात फ्यूजचा नकाशा असतो. एक पेटी स्टिअरिंगच्या खाली, दुसरी बॉनेटखाली बॅटरीजवळ, आणि सीटचा फ्यूज दोन्हीपैकी कुठेही असू शकतो. पात्यासारख्या फ्यूजना ठरलेले रंग असतात : पिवळा २० अँपिअरचा, पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा. चावी बंद करून फ्यूज उपसा, उजेडात धरा, आतली तार तुटली असेल तर दिसते. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. जास्तीचा फ्यूज नको, चॉकलेटच्या चांदीचा कागद गुंडाळणं तर मुळीच नको. फ्यूज जळतो तो वायर वाचावी म्हणून. तो जळला नाही तर वायर जळेल, आणि ती वायर आपल्या बसायच्या फोमखालून जाते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर तिसरा घालू नका. कुठेतरी वायर सोलून लोखंडाला टेकली आहे.

ती सोलते का? सीटबरोबर वायरीही रोज पुढे-मागे ओढल्या जातात, म्हणून. आपल्याकडे आणखी दोन कारणं. एक उंदीर. चार दिवस गावाला गेलो, गाडी झाडाखाली उभी राहिली की वायरीचं आवरण कुरतडलेलं सापडतं. दुसरं पाणी. कोकणात पावसाळ्यात छत्री गाडीत टाकली की ते सगळं सीटखाली मुरतं. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली तरी पुढचा गालिचा ओला होतो. जोडण्यांना हिरवट गंज चढतो आणि करंट अडतो. गालिचा दाबून बघा, ओल लागते का. लागली तर आधी ओलीचं कारण शोधायचं, नाहीतर नवी जोडणी पण चार महिन्यांत गंजेल.

आता नीट ऐका. सीटखाली पिवळ्या रंगाच्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही. ते सीटमधल्या एअरबॅगचे किंवा अपघाताच्या क्षणी पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचे असतात. टेस्टरचा दिवा तिथे टेकवणंसुद्धा धोक्याचं. सीट सोडवायचीच असेल तर ते माहीतगार माणसाचं काम : आधी बॅटरीची ऋण तार काढायची, गाडीच्या पुस्तकात सांगितली आहे तितकी मिनिटं थांबायचं, मगच जोडण्या सोडायच्या. चावी चालू ठेवून पिवळा कपलर उपसणारा कारागीर दिसला तर त्याला तिथेच थांबवा.

मेमरीवाल्या सीटचं आता. या सीटच्या मोटरीत फेऱ्या मोजणारा सेन्सर असतो आणि मध्ये एक छोटा कॉम्प्युटर. सेन्सर बिघडला की सीट बोटभर सरकते आणि थांबते, पुन्हा दाबलं की पुन्हा बोटभर. मोटर चांगली असते, कॉम्प्युटरला मात्र ती फिरते आहे हे कळत नाही. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांत सीट आपल्या दोन्ही टोकांच्या जागा विसरते. तिला त्या पुन्हा शिकवायची रीत पुस्तकात दिलेली असते, बहुधा सीट टोकापर्यंत नेऊन बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. बॅटरी बदलल्यानंतर लगेच सीट रुसली असेल तर हे आधी करा, पैसे नंतर.

एवढं करून गॅरेजला गेलात की बोलणं बदलतं. "सीट बिघडली" असं सांगू नका. "वर-खाली होते, पुढे जाते, मागे येत नाही, आवाजही नाही," असं सांगा. मोटर गेली म्हणाले तर विचारा, मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघितला का? बटणातून मोटरकडे १२ व्होल्ट निघतात का, ते मीटरवर मला दाखवा. थेट करंट दिल्यावर मोटर फिरली तर ती गेलेली नाही, एवढं तर कुणालाही दिसतं. बटण, मोटर, केबल सुटे मिळतात की सगळा संच घ्यावा लागतो, ते लेखी अंदाजात लिहून घ्या. काही कंपन्या खरंच संचच देतात, तेव्हा प्रत्येक गॅरेजवाला फसवतोच असं धरून चालू नका. काढलेला जुना भाग मागून घ्या. भंगार बाजारातून वापरलेली मोटर आणली तर पैसे वाचतात आणि त्याला आमची हरकत नाही. मात्र एअरबॅगसकट जुनी सीट घेऊ नका, कारण ती कुठल्या अपघातातून निघाली हे आपल्याला कळत नाही.

गाडी ताब्यात घेताना सीटवर स्वतः बसा. सगळी बटणं दोन्ही दिशांना, टोकापासून टोकापर्यंत चालवून बघा. पट्ट्यांना नवं ग्रीस लावलं आहे का बघा. घरचं खोबरेल तिथे चालत नाही, धूळ धरतं. मग चावी चालू करा. समोरच्या पाटीवर एअरबॅगचा लाल किंवा पिवळा दिवा लागेल आणि काही सेकंदांत विझेल. तो विझला नाही, तर सीटखालची एखादी पिवळी जोडणी नीट बसलेली नाही किंवा गाडीच्या कॉम्प्युटरमधली जुनी नोंद पुसलेली नाही. दिवा विझेपर्यंत पैसेही देऊ नका आणि गाडीही नेऊ नका.