बायबल, ब्रायन आणि बॅप्टिस्ट

जुलै १९२५. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले डेटन हे लहानसे गाव. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला चालू होता. उकाडा आणि गर्दी इतकी वाढली, की न्यायाधीशांनी कामकाज कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर हलवले. तिथे एक अजब प्रकार घडला. बचाव पक्षाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी साक्षीला बोलावले ते थेट समोरच्या पक्षाच्या वकिलालाच. हे वकील म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तीनदा अध्यक्षपदाचे उमेदवार, माजी परराष्ट्रमंत्री, फर्डे वक्ते आणि बायबलवर अढळ श्रद्धा असलेला माणूस. योनाला खरेच माशाने गिळले का? यहोशवासाठी सूर्य थांबला, म्हणजे नेमके काय थांबले? काइनाला बायको कुठून मिळाली? डॅरो विचारत गेले आणि ब्रायन उत्तरे देत गेले.

हा प्रसंग पुढे विज्ञान आणि धर्म यांची झुंज म्हणून रंगवून सांगितला गेला. त्या रंगात एक तपशील बुडाला. सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच होते का, असे विचारल्यावर ब्रायन यांनी तसे मानण्याची गरज नाही, ते दीर्घ कालखंड असू शकतील, असे उत्तर दिले. सनातनी ख्रिस्ती मताचे तेव्हाचे सर्वांत मोठे पुढारी पृथ्वी लाखो वर्षे जुनी असू शकते हे मानायला राजी होते! आज केंटकी राज्यात विल्यमस्टाउन इथे नोहाच्या तारवाची ५१० फूट लांबीची प्रतिकृती उभी आहे. ती २०१६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ती उभारणाऱ्या संस्थेच्या मते पृथ्वीचे वय जेमतेम सहा हजार वर्षे आहे. ब्रायन तिथे गेले असते, तर त्यांनाच तिथे शिकवणी घ्यावी लागली असती.

सनातनी मत म्हणजे पूर्वापार चालत आलेले मत, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या ख्रिस्ती सनातन्यांचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतले पंडित बायबलची चिकित्सा करू लागले. कोणता भाग कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणत्या जुन्या कथा त्यात मिसळल्या, हे शोधू लागले. त्याला उत्तर म्हणून प्रिन्स्टनच्या परंपरेतल्या ए. ए. हॉज आणि बी. बी. वॉरफिल्ड या दोघांनी १८८१ मध्ये बायबलच्या बिनचूकपणाचा सिद्धान्त काटेकोरपणे मांडला. श्रद्धा जुनीच होती. मांडणीतला वकिली नेमकेपणा नवा होता. त्यातही एक पळवाट ठेवलेली होती. बिनचूक आहेत त्या मूळ हस्तलिखित प्रती, पुढच्या नकला नव्हेत. आणि मूळ प्रत तर आज कोणाकडेच नाही. वॉरफिल्ड यांना स्वतःला उत्क्रांतिवादाचे फारसे वावडे नव्हते, हे जाता जाता सांगायला हवे.

त्यानंतर १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' ही बारा भागांची लेखमाला निघाली. तेलसम्राट लायमन स्ट्युअर्ट आणि त्यांचे भाऊ यांच्या पैशांवर ती देशभर फुकट वाटली गेली. पुढे १९२० मध्ये एका बॅप्टिस्ट संपादकाने या मताच्या लोकांसाठी 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द घडवला. आज तो शब्द आपण कोणत्याही धर्माच्या कडव्या माणसाला लावतो. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे हा आग्रह मात्र या वर्तुळात खऱ्या अर्थाने पसरला तो १९६१ नंतर. त्या वर्षी धर्मशास्त्राचे अध्यापक जॉन व्हिटकॉम्ब आणि जलअभियंता हेन्री मॉरिस यांचे 'द जेनेसिस फ्लड' हे पुस्तक आले. म्हणजे ब्रायन यांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकाला हे सगळे परके वाटेल, आणि ते साहजिक आहे. कॅथलिक चर्चमध्ये बायबलच्या जोडीला परंपरा आहे आणि अर्थ लावण्याचा अधिकार असलेली यंत्रणाही आहे. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्येच उत्क्रांतीवर चर्चेला मोकळीक दिली होती. अमेरिकन प्रोटेस्टंटांकडे पोप नाही. त्यांच्याकडे फक्त पुस्तक आहे.

त्यामुळे त्यांच्या युक्तिवादाला एक स्वतःची तर्कसंगती आहे, तिची टिंगल करून भागत नाही. ते म्हणतात, योनाची गोष्ट रूपक ठरवली, तर उद्या येशूचे पुनरुत्थान रूपक ठरवायला कोणाची ना आहे? कोणते वचन आजच्या काळाला लागू आणि कोणते नाही, हे माणसानेच ठरवायचे, तर मग देवाचा शब्द प्रमाण की जमान्याची हवा? ग्रंथप्रामाण्याचा वाद आगरकरांपासून ऐकत आलेल्या मराठी वाचकाला या प्रश्नाची धार कळेल. त्या धारेचा कस लागतो तो सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेच्या कारभारात.

ही संघटना १८४५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे जन्मली. कारण लपवण्याजोगे होते, पण लपलेले नाही. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवायला उत्तरेकडचे बॅप्टिस्ट तयार नव्हते, म्हणून दक्षिणेकडच्यांनी वेगळी चूल मांडली. गुलामगिरीच्या समर्थकांकडे वचनांची कमतरता नव्हती. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असे पौल इफिसकरांना लिहितो. पळालेल्या दासाला तो फिलेमोनाकडे परत पाठवतो. अक्षरावर बोट ठेवून वाचायचे, तर त्या वादात दक्षिणेची बाजू वरचढ होती, हे कबूल करणे आजही अनेकांना जड जाते. गुलामगिरीविरोधकांना अक्षरापलीकडे जाऊन ग्रंथाचा आशय सांगावा लागला. दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, संघटनेने ठराव करून माफी मागितली. तेव्हा तिची सूत्रे बिनचूकपणाचा आग्रह धरणाऱ्यांच्याच हातात होती.

ती त्यांच्या हाती आली त्याची कथा एखाद्या साखर कारखान्याच्या निवडणुकीसारखी आहे. संघटनेचा अध्यक्ष समित्या नेमतो, आणि त्या साखळीतून धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयांचे विश्वस्त ठरतात. पॉल प्रेसलर हे न्यायाधीश आणि पेज पॅटरसन हे धर्मशास्त्रज्ञ यांनी हे गणित ओळखले. १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनात त्यांच्या बाजूचे एड्रियन रॉजर्स अध्यक्ष झाले. पुढे दरवर्षी तोच गट जिंकत गेला, विश्वस्त बदलले, मग प्राध्यापकही.

या काळात ग्रंथ तोच राहिला आणि मते फिरली. गर्भपाताचेच पाहा. १९७१ मध्ये याच संघटनेने सेंट लुईसच्या अधिवेशनात ठराव केला होता, की बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक अथवा मानसिक आरोग्याला धोका असेल, तर गर्भपाताला कायद्याने वाव असावा. आज हे वाचून तिथलाच तरुण पाळक दचकेल. २००३ मध्ये संघटनेने त्या जुन्या भूमिकेबद्दल खेद व्यक्त केला. उलट, घटस्फोटाविषयी येशूचे शब्द अत्यंत कडक आहेत. तिथे मात्र मंडळ्यांचा व्यवहार बराच सैल झाला. मला यात ढोंगापेक्षा वेगळे काही दिसते. कोणत्या वचनापाशी थांबायचे, हे बहुतेक वेळा समोर उभ्या असलेल्या भांडणावरून ठरते. एका भांडणात लैंगिक क्रांती समोर होती, दुसऱ्यात शेजारच्या बाकावर बसलेली घटस्फोटित बहीण.

सध्याचे भांडण स्त्रियांवरून आहे. पत्नीने पतीच्या नेतृत्वाला आनंदाने वश व्हावे, असा मजकूर १९९८ मध्ये संघटनेच्या श्रद्धापत्रात आला. पाळकाचे पद पुरुषांपुरतेच, हे २००० मध्ये नोंदले गेले. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी संघटनेशी नाते तोडले. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या प्रचंड मोठ्या मंडळीने स्त्रियांना पाळक नेमले, म्हणून २०२३ मध्ये तिला बाहेर काढण्यात आले. तिचे संस्थापक रिक वॉरन अधिवेशनात अपील करायला उभे राहिले. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रावर विरोधकांची भिस्त. वॉरन यांची भिस्त पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा सांगणाऱ्या मग्दालिया मरीयेवर. बायबल दोन्ही हातांत होते. वॉरन हरले.

त्यानंतर स्त्री पाळक असलेल्या मंडळ्यांना घटनेनेच दार बंद करण्याची दुरुस्ती मांडली गेली. तिला दोनतृतीयांश मते हवी होती. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला सुमारे ६१ टक्के मिळाली आणि ती पडली. २०२५ मध्ये डॅलसला पुन्हा तशीच दुरुस्ती आली, पुन्हा सुमारे ६१ टक्केच मिळाली, आणि ती पुन्हा पडली.