कुठे हरला, तेही कळतं

ठाणे-वाशी लोकल घणसोलीला पोचेतो कुणीतरी मोबाइल गेममध्ये तिसऱ्यांदा हरतो आणि गेम बंद करतो. कंपनीला ही नोंद मोलाची. कुठे अडला, किती वेळ खेळला, परत आला का, सगळं सर्व्हरवर साठतं.

एकाच टप्प्यावर हजारो जण अडले, तर तो सोपा केला जातो. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने 'हाफ-लाइफ २' या गेमच्या पुढच्या भागांत खेळाडू नेमके कुठे मरतात, याचे नकाशेच काढले होते. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीनेही आपला 'इंडस' गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला करण्याआधी निवडक खेळाडूंकडून खेळवून घेतला.

पण पैसे खर्चायला कधी भुलवायचं, हेही याच नोंदींवरून ठरवता येतं. ते घातक आहे, मुलांसाठी तर अधिकच.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या डेटासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. पालकांनो, संमती देण्याआधी अटी वाचा.