हेरकथेतलं धुकं गाळून वाचू नका

दुपारचं मागचं आवरलं, की तासभर पुस्तक घेऊन पडणाऱ्या आपण पुष्कळजणी आहोत. त्यातून हेरकथा हाती लागली, तर विचारायलाच नको! पण एक सवय हमखास दिसते. संवाद वाचायचे, पाठलाग वाचायचा आणि मधली वर्णनाची पानं भराभर उलटायची. ‘समुद्र नि धुकं काय वाचायचं? पुढे काय झालं ते सांग!’ मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतल्या मुलीही असंच वाचतात. मैत्रिणींनो, दुसऱ्या कुठल्या कादंबरीत हे खुशाल करा, पण चांगल्या हेरकथेत नको. तिथे सगळी मेख वर्णनातच असते.

अर्स्किन चिल्डर्सची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ घ्या. १९०३ सालची ही कादंबरी, हेरकथांमधली अगदी थोरली जाऊ! दोन इंग्रज तरुण एका लहानशा शिडाच्या होडीतून जर्मनीच्या किनाऱ्यालगत भटकताहेत. भरती आली की सगळीकडे पाणी, ओहोटी लागली की मैलोगणती वाळू, आणि वाळूतून वाट काढणारे अरुंद ओहळ. चिल्डर्स स्वतः या भागात होडी घेऊन हिंडलेला, त्यामुळे पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा, ओहोटीची वेळ सगळं तपशिलानं येतं. सुरुवातीला कंटाळा येईल, नाही म्हणत नाही. पण पुढे दाट धुक्यात हे दोघे छोटी नाव वल्हवत शत्रूच्या गोटाकडे निघतात. जवळ होकायंत्र, घड्याळ आणि मनात पाठ केलेला नकाशा, बस्स! हाताभरावरचं दिसत नाही. ओहोटी संपायच्या आत पोचायला हवं. आता मागची ती ‘कंटाळवाणी’ पानं कामाला येतात. वाळू कुठे आहे नि पाणी किती वेळ टिकेल हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणूनच छाती धडधडते. ती पानं गाळली असतील, तर दोन माणसं नाव वल्हवताहेत एवढंच उरतं.

उत्कंठा म्हणजे नुसता धक्का नव्हे, बरं का! दूध वर येताना दिसतंय, आपले दोन्ही हात कणकेत आणि घरात दुसरं कुणी नाही, ती खरी उत्कंठा. काय होणार हे कळलेलं असतं, तरी जीव टांगणीला लागतो. फ्रेडरिक फोर्साइथनं १९७१ साली ‘द डे ऑफ द जॅकल’मध्ये हेच केलं. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला एक भाडोत्री मारेकरी निघालाय. द गॉल १९७० मध्ये आपल्या घरी वारले, हे वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत! म्हणजे बेत फसणार हे पहिल्या पानापासून ठरलेलं. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. का? तर तो मारेकरी खोटा पासपोर्ट कसा मिळवतो, बंदूक कशी बनवून घेतो, हे सारं आपण शेजारी बसून पाहावं तसं दिसतं. बाजारातून खरबूज आणून, ते रानात झाडाला टांगून तो नेम तपासतो. ते वाचल्यावर बाजारात खरबूज निवडताना मला कसंसंच झालं! आणि त्याच्या मागावरचा लेबेल हा बुटका, साधा, घरी बायकोची बोलणी खाणारा अधिकारी. मला तर तोच जास्त आवडला.

जॉन ल कारेचं १९६३ चं ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ याहून उदास आहे. बर्लिनच्या सरहद्दीवर एक माणूस नुसती वाट पाहतोय, पलीकडून सायकलवर कुणीतरी यायचंय. थंडी, दिव्यांचा उजेड, पहारेकरी. फारसं घडत काहीच नाही आणि तरी आपण श्वास रोखून बसतो. याउलट इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड मला तितकासा रुचत नाही. त्याचं खाणंपिणं, कपडे, मोटारी यांची वर्णनं वाचताना एखाद्या मोठ्या दुकानात हिंडून आल्यासारखं वाटतं. मजा येते, पण भीती वाटत नाही.

‘कसली ती मारामारीची पुरुषी पुस्तकं वाचतेस?’ असं घरात कुणी म्हणालं, तर केन फॉलेटचं ‘आय ऑफ द नीडल’ (१९७८) पुढे करा. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन हेर वादळात सापडून एका ओसाड बेटावर येऊन पडतो. बेटावर माणसं किती? एक म्हातारा धनगर, अपघातात पाय गमावलेला एक कडवट तरुण, त्याची बायको ल्यूसी आणि लहान मूल. वारा, पाऊस, खडक, स्वयंपाकघर यांचं वर्णन सावकाश वाचा. कारण पुढे सगळा भार येतो तो या घर सांभाळणाऱ्या ल्यूसीवर, आणि तिच्या हाताशी असतात फक्त त्या घरातल्या वस्तू. शेवट सांगत नाही.

बारकाईनं पाहणं हेच तर हेराचं पहिलं शिक्षण. किपलिंगच्या ‘किम’मध्ये (१९०१) सिमल्याचे लर्गनसाहेब तबकात रत्नं ठेवून ती क्षणभर दाखवतात आणि झाकून टाकतात. मग ओळखायचं, काय काय होतं. किम हुशार, पण तिथला दुसरा पोरगा कुठला नील किती रतीचा नि कुठल्याला खोट, तेही सांगतो! हळदीकुंकवाला थाळीत वस्तू मांडून, वर रुमाल झाकून आपण खेळतो, तोच हा खेळ.

इंग्रजीची सवय मोडली असेल, तर जॉन बुकनच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’पासून (१९१५) सुरुवात करा. पुस्तक लहान, दोन-तीन दुपारींत संपेल. त्यातल्या शेवटच्या प्रसंगात काही सभ्य गृहस्थ दिवाणखान्यात पत्ते खेळत बसलेले आहेत. त्यांच्या बोटांकडे लक्ष ठेवा.