बॅटीतला सरस
बॅटीचा दांडा वेताचा, पाते विलोचे, हे आपल्या चिरंजीवांना तोंडपाठ असते. पण दोघांची गाठ बांधून देतो कोण? पूर्वी हे काम सरसाचे. सरस म्हणजे कातडी-हाडे उकळून काढलेले प्रथिनच. लावताना तो सुमारे ६० अंशांवर ऊन ठेवायचा; फार तापला की ताकद गेली! ओल लागताच मात्र ही स्वारी ढिली पडते, म्हणून पुढे कृत्रिम डिंक आले. आमच्या मते तो दोष हाच गुण. दांडा मोडला, तर वाफेने सांधा सोडवून नवा बसवावा. विलोचे पाते वाचते. शिवाय शाकाहारी मंडळींसाठी दुधातील केसीन व चुना यांचा सरस आहेच, ओलीला अधिक दाद न देणारा. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) लाकडी विमाने त्याच्या भरवशावर उडाली. बॅटीचे काय घेऊन बसलात!