दुधाचे दात

वाचकहो, हे निरूपण तुम्ही देवळात बसून ऐकलं असतं तर मध्ये पेटी वाजली असती, तबल्यावर थाप पडली असती, आणि बुवा कुठे अडखळले तर नामाच्या गजरात ते झाकून गेलं असतं. कागदावर ती सोय नाही. म्हणून सरळ विषयाला हात घालतो. विषय आहे वयाचा. माणूस जन्मतो, वाढतो, पिकतो आणि गळतो. हे कुणाला ठाऊक नाही? समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात गर्भापासून म्हातारपणापर्यंतचा सगळा प्रवास काही हातचं न राखता मांडून ठेवला आहे. तरीसुद्धा ज्याला त्याला आपलं म्हातारपण अचानक आल्यासारखं वाटतं. असं का होतं, ते आज पाहू.

आम्हा नाशिककरांचं वय मोजण्याचं एक माप आहे. आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या बायका वय विचारत नसत, "किती सिंहस्थ पाहिलेस रे?" असं विचारत. गुरू सिंह राशीला आला की गोदावरीवर सिंहस्थ. २००३ साली झाला, २०१५ साली झाला. गुरूला सगळ्या राशी फिरून यायला साधारण ११ वर्षं १० महिने लागतात, आपण धरतो १२. शनीला लागतात साडेएकोणतीस, आपण धरतो ३०. म्हणजे ६० वर्षांत गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन. पंचांगातली संवत्सरंही साठच, प्रभवापासून क्षयापर्यंत. ज्या नावाच्या संवत्सरात तुम्ही जन्मलात, ते नाव साठीला फिरून येतं. म्हणून साठीशांत. तर आज आयुष्य सिंहस्थाच्या मापानं मोजू.

पहिला सिंहस्थ, जन्मापासून बारापर्यंत. बाळाची टाळू मऊ का असते? आजी त्यावर तेल थापते, पण कारण विचारलं तर म्हणते, "असते, झालं!" कारण असं की कवटीची हाडं अजून सांधलेली नसतात. जन्माच्या वाटेनं डोकं बाहेर यायचं असतं, आणि आतला मेंदू अजून वाढायचा असतो. जन्मतो तेव्हा तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पावपट असतो, दोन वर्षांत पाऊणपट होतो. समोरची टाळू साधारण दीड वर्षात भरते. बाळाच्या अंगात हाडं आणि कूर्चा मिळून तीनशेच्या आसपास तुकडे असतात, मोठ्या माणसात उरतात २०६. बाकीचे हरवत नाहीत, ते एकमेकांना जुळून येतात. वाढणं म्हणजे जुळत जाणं, हा पहिला धडा.

दुसरा धडा दातांचा. दुधाचे दात २०. सहाव्या-सातव्या वर्षी ते हलायला लागतात. मूल घाबरतं, रडतं, आणि आई हसते. ती का हसते? कारण तिला ठाऊक असतं की खालून पक्का दात वर येतोय. दुधाचा दात पडल्याशिवाय त्याला जागा नाही. म्हणजे बघा, गळणं हे म्हातारपणी सुरू होत नाही. ते वाढीच्या पोटातच आहे. हा दात लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

दुसरा सिंहस्थ, बारा ते चोवीस. मुलाचा आवाज फुटतो, कारण कंठ मोठा होतो, आतल्या तारा लांब होतात. अंगात जोर येतो. पण कपाळामागचा मेंदूचा जो भाग मागचा-पुढचा विचार करतो, तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. घोडा आधी तयार होतो आणि लगाम मागाहून येतो, म्हणून या वयात पाय घसरतात. आता आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. समर्थांचा जन्म १६०८ सालचा, जांब गावी. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून निघाले ते पंचवटीला आले आणि टाकळीला राहिले. पहाटे नदीच्या पाण्यात उभं राहून जप, सूर्यनमस्कार, पंचवटीत मधुकरी, दुपारी ग्रंथाचं वाचन. असं १२ वर्षं, म्हणजे एक पुरा सिंहस्थ. टाकळीचा शेणाचा मारुती आजही आहे, जाऊन बघा. जे वय सगळ्यांत बेफाम, त्याच वयाला त्यांनी सगळ्यांत घट्ट वेळापत्रक बांधलं. आईबापांनो, तुमच्या मुलाला असं वेळापत्रक आहे का? मोबाइल काढून घेणं म्हणजे वेळापत्रक नव्हे, बरं का! रिकाम्या हातात दुसरं काय दिलंत ते सांगा.

तिसरा आणि चौथा सिंहस्थ, चोवीस ते अठ्ठेचाळीस. हे भार उचलण्याचं वय. हाडं तिशीच्या आसपास सगळ्यांत मजबूत असतात. समर्थ चोविसाव्या वर्षी टाकळीहून निघाले, आणखी १२ वर्षं पायी हिंदुस्थान पाहिला, आणि छत्तिसाव्या वर्षी, १६४४ साली, कृष्णाकाठी येऊन कामाला बसले. बारा वर्षं घरी, बारा साधनेत, बारा फिरण्यात, आणि मग काम. आपलं मात्र सगळंच एकदम चाललेलं असतं. मुलांची फी, घराचा हप्ता, आईचं ऑपरेशन. त्या गडबडीत एक दिवस पोथी धूसर दिसते. हात लांब करून धरावी लागते. डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं नीट दिसत नाही. आपल्या लोकांनी त्या चष्म्याला नावच दिलं 'चाळिशी'. हा दुसऱ्यांदा हललेला दात. पण आता आई हसत नाही, आणि आपण आरशापुढे उभे राहून केस काळे करतो.

पाचवा सिंहस्थ, साठीपर्यंत. पन्नाशीच्या आसपास घरातल्या बाईची पाळी थांबते. अंगातून वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते. घरातले म्हणतात, "हिला हल्ली झालंय काय?" अहो, ती एका वयातून दुसऱ्या वयात चालली आहे. तुमच्या मुलाचा आवाज फुटला तेव्हा तुम्ही समजून घेतलंत ना, मग आता तिला समजून घ्या. देवळात बसून हे बोलायला मला संकोच वाटत नाही. घराघरांत जे सोसलं जातं ते देवापुढे लपवायचं कशाला?

मग येते साठी, आणि लोक म्हणतात, "साठी बुद्धी नाठी." हे अर्धं खरं आहे. नावं चटकन आठवत नाहीत, हिशोबाचा वेग कमी होतो. पण शब्दांचा साठा टिकतो, पुष्कळांचा वाढतोही. माणसं ओळखण्याची समज पिकते. एक खूण सांगतो. किल्ली कुठे ठेवली ते विसरणं हे वयाचं. किल्ली कशासाठी असते तेच विसरणं, रोजच्या वाटेवर हरवणं, हे आजाराचं. तसं दिसलं तर 'म्हातारचळ' म्हणून हसू नका, डॉक्टरकडे न्या. तसंच कानांचं. म्हाताऱ्या माणसाचा बारीक, उंच स्वर आधी जातो. म्हणून त्यांना नातवंडांचं बोलणं कळत नाही, आणि आपण म्हणतो, "यांना हवं तेवढंच ऐकू येतं." ओरडून उपयोग नाही. समोर बसा, तोंड दिसू द्या, सावकाश बोला.

त्यापुढे सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा भरायला किती वर्षं लागतात? पौर्णिमेपासून पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांची. हजारांनी गुणा, वर्षं करा, ८० वर्षं आणि साधारण १० महिने होतात. म्हणून तो सोहळा एक्याऐंशीच्या घरात येतो. त्या वयाचं खरं दुःख गुडघ्यात नसतं. ज्यांच्याशी 'अरे-तुरे' बोलायचं ती माणसं एकेक निघून जातात, हे ते दुःख. आपल्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे ना? चार भावंडांत हे थोरले. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, मग सोपानदेव सासवडला, मग मुक्ताबाई तापीकाठी गेली. वर्षभरात तिन्ही धाकटी गेली, आणि थोरला मागे राहिला. वय म्हणाल तर पंचविशीच्या आसपास. पण सगळ्यांना पोचवून मागे उरण्याचं जे म्हातारपण असतं, ते त्यांनी त्या वयात पाहिलं.

आणि दुसरीकडे चांगदेव. आख्यान तुमच्या परिचयाचं आहे. योगबळानं १४०० वर्षं जगले. मृत्यू आला की त्याला परतवायचा, असा त्यांचा क्रम. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकली, पत्र लिहायला बसले, आणि मायन्यावरच अडले. 'चिरंजीव' लिहावं तर मुलगा ज्ञानानं मोठा, 'तीर्थरूप' लिहावं तर वयानं अगदीच लहान. शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून धाकटी मुक्ताबाई हसली. एवढी वर्षं जगून हा बाबा कोराच राहिला, असं तिनं म्हटलं. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तरादाखल ६५ ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेव वाघावर बसून आले, भिंत चालली, आणि हा १४०० वर्षांचा योगी त्या लहान मुलीचा शिष्य झाला. वाचकहो, १४०० वर्षांत त्यांनी एकही दात पडू दिला नव्हता. मोठेपणाचा दात पडला त्या दिवशी ते वाढायला लागले.

आता एक घरचं सांगतो. हे मी बरीच वर्षं कीर्तनात सांगितलं नव्हतं.

माझे वडील, अण्णा, कीर्तनकारच. मी मागे झांज धरून उभा राहायचो. अण्णा ७१ वर्षांचे होते, मी ३८ चा. गोदाकाठच्या एका देवळात उत्सव होता. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, उत्तररंगाला अण्णांनी हेच चांगदेवांचं आख्यान लावलं. कोऱ्या पत्रापाशी आले आणि थांबले. पुढचं आठवेना. पेटीवाला सूर धरून राहिला. लोक बघायला लागले. मी दोन पावलं पुढे झालो, "आणि मग मुक्ताबाई म्हणाली," असं म्हणून आख्यान उचललं, आणि आरतीपर्यंत परत दिलंच नाही. रंगलं. लोकांनी माझी पाठ थोपटली. अण्णा मागे सरकले होते, माझ्या हातातली झांज त्यांनी घेतली होती, आणि ती शेवटपर्यंत तालात वाजवली.

परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले, "थोडं थांबला असतास तर आलं असतं रे."

त्यानंतर कीर्तनाच्या तारखा माझ्या नावानं यायला लागल्या. "अण्णा, आज पूर्वरंग तुम्ही करा," असं मी एकदाही म्हटलं नाही. ते नऊ वर्षं होते. दर कीर्तनाला पुढच्या रांगेत बसायचे आणि कोऱ्या पत्रापाशी मान खाली घालायचे. दात हलत होता, हे खरं. पण हलणारा दात दोन तऱ्हांनी पडतो. जिभेनं सैल होत होत पडला तर माणूस तो स्वतःच्या हातात घेतो. ओढून काढला तर रक्त येतं. मी ओढला.

आता मी सहासष्टचा आहे. श्वास आखूड झाला, वरचा स्वर पूर्वीसारखा लागत नाही. गेल्या चैत्रात, नेमक्या त्याच आख्यानात, नेमका त्याच ठिकाणी मी थांबलो. मागे माझी शिष्या पेटीवर होती. तिला आख्यान तोंडपाठ आहे. माझं काळीज धडधडलं, आता ही पुढे होणार. ती झाली नाही. तिनं विठ्ठलनामाचा गजर धरला, सगळं देऊळ म्हणायला लागलं, आणि त्या गजरात मला पुढचं आठवलं. तिला एसटीतली गोष्ट मी कधी सांगितलेली नव्हती.

त्या रात्री घरी येऊन मी ठरवलं. आता आमच्या कीर्तनात पूर्वरंग तिचा, उत्तररंग माझा. पुढच्या सिंहस्थानंतर उत्तररंगही तिचा, आणि झांज मी धरीन. हा दात मी माझ्या हातानं काढून ठेवतोय. अण्णांना ती संधी मी दिली नाही. ते आता ऐकायला नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल. बोलता बोलता ते थांबेल, नाव आठवणार नाही, गोष्ट अर्धी राहील. तेव्हा तुम्हाला पुढचं येत असलं तरी तोंड उघडू नका. मनात नाम घ्या आणि थोडं थांबा. येतं त्यांना.

रामकृष्ण हरी.