दहा श्वासांचा एक मणी

झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहत बसा आणि श्वास मोजा. सहा महिन्यांचं निरोगी मूल असेल तर आकडा तीस-चाळीसच्या आसपास येईल. आता समजा, मुलाला खोकला आहे आणि आकडा पन्नासच्या पुढे गेला. एवढ्यावरून तुम्ही काय सांगू शकाल? विश्वास बसणार नाही, पण जवळपास डॉक्टर सांगेल तेच: याला न्यूमोनिया झाला असावा, औषध आजच सुरू करायला हवं.

एक्स-रे नाही, रक्ताची तपासणी नाही, कानाला स्टेथोस्कोपसुद्धा नाही. नुसतं मोजणं! हे कसं काय जमतं?

न्यूमोनियात फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या द्रवाने आणि पुवाने भरतात. फुफ्फुस ताठर होतं, आणि ताठर फुफ्फुस खोलवर भरायचं तर फार जोर लागतो. एवढीशी छाती तो जोर आणणार कुठून? मग शरीर वाट काढतं. श्वास उथळ करतं आणि त्यांची संख्या वाढवतं, म्हणजे कमी कष्टात गरजेपुरती हवा आत येते. हा हिशेब मुलाच्या नकळत, मेंदूच्या बुंध्याशी आपोआप होतो. आणि त्याचं उत्तर बाहेरून, कोणालाही, उघड्या डोळ्यांनी दिसतं. १९८४ साली फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या मुलांच्या अभ्यासातून दाखवलं, की खोकणाऱ्या मुलांमधून न्यूमोनियाची मुलं निवडायला श्वासाचा वेग ही फार चांगली खूण आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मर्यादा आजही जगभर वापरात आहेत: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०.

खूण सापडली. पण मोजणार कोण?

हा प्रश्न गडचिरोलीत फार टोकदार होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी गावोगावचे जन्म आणि मृत्यू मोजायला घेतले तेव्हा, १९८८ मध्ये, दर हजार जन्मांमागे १२१ मुलं पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती. त्यांतली कितीतरी न्यूमोनियाने. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद, डॉक्टर कोसांवर. गावात होती ती सुईण. तिच्या हातांना शेकडो बाळंतपणांचा अनुभव, पण शाळेची पायरी तिने कधी चढलेली नाही. घड्याळाचा काटा वाचता येत नाही, मोजणी दहा-बारापर्यंत. तिने एक डोळा बाळाच्या छातीवर आणि एक घड्याळावर ठेवून पन्नासपर्यंत कसं मोजायचं?

आता ‘सर्च’ने यावर काढलेला तोडगा पाहा. मला तो वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर उपकरणांपैकी एक वाटतो. एक छोटी चौकट. तिच्यात बरोबर एक मिनिट चालणारं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. सुईणीने वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि श्वास मोजायला लागायचं. दहा झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. संपलं!

या चौकटीत किती गोष्टी लपल्या आहेत? पन्नासचा आकडा पाच मण्यांत गेला, साठचा सहा मण्यांत. मिनिट वाळूत गेलं. बाळाचं वय ओळीत गेलं. आणि ‘औषध द्यायचं की नाही’ हा डॉक्टरचा निर्णय एका रंगात उतरला. वापरणाऱ्या बाईला पन्नास हा आकडा माहीत असण्याचीही गरज उरली नाही, तरी तिचं निदान बहुतेक वेळा बरोबर येत होतं. ज्ञान सोपं करताना आपण बहुतेक वेळा त्यातलं काहीतरी गमावतो. इथे फारच थोडं गमावलं होतं.

गावच्या कार्यकर्त्यांनी आणि सुईणींनी न्यूमोनिया ओळखायचा आणि को-ट्रायमोक्साझोलसारखं साधं, तोंडाने द्यायचं औषध द्यायचं, असा हा प्रयोग. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्या ६१२ आजारी मुलांवर असे उपचार झाले त्यांतली एक टक्क्याहूनही कमी दगावली. शेजारच्या, प्रयोग नसलेल्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं.

पण मोजणी चालूच ठेवली की ती नवे प्रश्न पुढे आणते. मोठ्या मुलांचे मृत्यू कमी झाले, तसं उरलेल्या मृत्यूंचं रूप स्पष्ट दिसायला लागलं. ती सगळ्यात लहान बाळं होती, जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतली.

१९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांवर वर्षभर घरी जाऊन नजर ठेवली गेली. शंभरातली ९५ बाळं घरीच जन्मली होती. ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडेल अशी दुखणी झाली. प्रत्यक्षात डॉक्टर किंवा नर्सपर्यंत किती पोचली असतील? २.६ टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दशांश चिन्ह चुकलंय असं वाटलं होतं. ते चुकलेलं नव्हतं. बाळ-बाळंतिणीने खोलीबाहेर पडायचं नाही हा रिवाज, दूरचा रस्ता, खिशात पैसे नाहीत, आणि ‘इवलंसं बाळ, ते कुठे जगतं’ ही पिढ्यान् पिढ्यांची समजूत. दवाखाना कितीही चांगला बांधा, शंभरातल्या सत्त्याण्णव बाळांसाठी तो अस्तित्वातच नव्हता.

मग उलटं करून पाहायचं ठरलं. बाळ दवाखान्यात जात नाही ना? नवजात बाळाची शुश्रूषाच घरी न्यायची. ३९ गावांतून एकेक बाई निवडली. पाचवी ते दहावीच्या दरम्यान शिकलेल्या, त्याच गावच्या. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत.

एका आरोग्यदूताला नेमकं काय काय पेलायचं होतं, ते कळण्यासाठी आधी बाळाच्या शरीरात डोकवायला हवं.

पहिलं संकट पहिल्याच मिनिटात. गर्भात बाळाची फुफ्फुसं द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू नाळेतून येतो. जन्मताच तो पुरवठा थांबतो आणि कधीही न उघडलेल्या कोट्यवधी पिशव्या एका दमात उघडायच्या असतात. नवा फुगा फुगवताना पहिल्या फुंकरीलाच गाल दुखतात, पुढच्या सोप्या जातात ना? अगदी तसंच. ती पहिली फुंकर ज्या बाळाला जमत नाही ते निळं, निपचित पडतं. पण एखाद्याने त्याच्या नाका-तोंडावर घट्ट मास्क धरून रबरी पिशवी हलकेच दाबली, तर बहुतेक वेळा बाळ पुढचे श्वास स्वतः घेतं. कोणी तरी जन्माच्या वेळी तिथे हजर हवं, एवढीच अट. तालुक्याहून निघालेली गाडी ही अट कधीच पाळू शकणार नाही. शेजारच्या आळीतली बाई पाळू शकते.

दुसरं संकट गारठ्याचं. बाळ वजनाने लहान, पण त्या मानाने त्याची त्वचा पुष्कळ. उष्णता निसटायला वाटच वाट. मोठी माणसं थंडीत कुडकुडून ऊब तयार करतात. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्याकडे त्याऐवजी खांद्यांच्या मध्ये आणि मानेभोवती एक खास तपकिरी चरबी असते. ही चरबी थेट जळून उष्णता देते, जणू निसर्गाने बाळाबरोबर शिदोरी बांधून दिलेली. कमी वजनाच्या बाळाची शिदोरी मुळातच अपुरी, आणि गडचिरोलीत शंभरातली ४२ बाळं कमी वजनाची होती. गारठलेलं बाळ दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून इंधन नाही, इंधन नाही म्हणून अजून गारठा. हे चक्र तोडायला काय लागतं? बाळाला जन्मताच आंघोळ न घालणं, कोरडं पुसून आईच्या अंगाशी धरणं, टोपी आणि उबदार कापडी पिशवी. एवढंच.

तिसरं संकट सगळ्यांत फसवं: जंतुसंसर्ग. मोठ्या माणसाला संसर्ग झाला की ताप चढतो, तो कण्हतो, धावपळ होते. नवजात बाळाचं बहुतेकदा उलटं. ते शांत होतं. थंड पडतं. ‘आज किती गुणाने झोपलंय’ असं घरच्यांना वाटावं, आणि आत रक्तात जंतू पसरत असावेत. हे ओळखायला मोठ्या रुग्णालयात रक्ताचं कल्चर करतात, त्याचा निकाल यायला दिवस लागतात. मातीच्या घरात कसं ओळखणार?

शेकडो बाळांच्या नोंदी तपासून शेवटी सात खुणा हाती लागल्या. दूध ओढणं कमी किंवा बंद. रडणं क्षीण किंवा बंद. हातपाय लुळे. उलट्या किंवा फुगलेलं पोट. अंग हाताला गार. श्वासाबरोबर छाती खोल आत ओढली जाणं. बेंबीत पू. यांतल्या कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या की जंतुसंसर्ग समजायचा.

ही यादी पुन्हा वाचा. दूध ओढणं ‘कमी’ झालं, रडणं ‘क्षीण’ झालं. कशापेक्षा? कालच्यापेक्षा! बाळाला आज पहिल्यांदा पाहणारा तज्ज्ञ हे सांगूच शकत नाही, त्याने ‘काल’ पाहिलेलाच नसतो. तो काल पाहिलेला असतो आईने. मला या सगळ्या प्रयोगातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. गावात राहणं, रोज पाहणं, ओळखीचं असणं, हे इथे डॉक्टरच्या जागी वापरलेली तडजोड म्हणून येत नाही. निदानाचं खरं यंत्रच ते आहे.

खुणा दिसल्या की आधी रुग्णालयात न्यायचा सल्ला. घरचे तयार नसतील तर, त्यांच्या संमतीने, आरोग्यदूत स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने अँटिबायोटिक देणार. यावर वादळ होणारच होतं. सातवी शिकलेली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देणार? शंका घेणाऱ्यांचं काळजीने बोलणं मला समजतं. पण त्या बाळासमोरचा दुसरा पर्याय बालरोगतज्ज्ञ हा नव्हता. दुसरा पर्याय कोणीच नाही हा होता.

उत्तर आकड्यांनी दिलं. संसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत. आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर २.८ टक्के. दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू १९९३-९५ मध्ये ६२ होते, १९९७-९८ पर्यंत ते पंचविसाच्या आसपास आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत आकडा साठीच्या आसपासच राहिला. सांभाळलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, आणि एका बाळामागचा खर्च होता ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळचे दोनशेच्या थोडे वर रुपये. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

पुढे बांगलादेशात सिल्हेटमध्ये अशाच घरभेटींचा प्रयोग झाला, तिथेही नवजात मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने जन्मानंतरच्या घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने ती देशभर लागू केली. आज गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा, आणि बाळंतपण घरी झालं असेल तर सात वेळा दारात येते, ती याच कामासाठी. बाळाचं वजन करते, ताप पाहते, आईला विचारते. इंजेक्शनाचा भाग मात्र बहुतेक ठिकाणी आशांच्या हाती आलेला नाही. बाळंतपणं आता रुग्णालयांत होऊ लागली आहेत, पण दोन-तीन दिवसांत आई बाळाला घेऊन घरी परतते आणि उरलेले पंचवीस दिवस घरचेच असतात. या भेटी नुसत्या रजिस्टरवर उरकल्या गेल्या, वजनकाटा बिघडलेला राहिला, आशांचं मानधन रखडलं, तर प्रयोगातला जीवच निघून जाईल. कारण गडचिरोलीत यश एकट्या इंजेक्शनाचं नव्हतं. प्रशिक्षण पुन्हापुन्हा होत होतं, कामाची नियमित तपासणी होत होती, आणि प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू मोजला जात होता.

तुमच्या घरात, शेजारी, गावाकडे कुठे नुकतं बाळ आलं असेल, तर वरच्या सात खुणा त्या घरापर्यंत पोचवा. दोनची वाट पाहायची नाही. आता वाहन आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे. एक जरी खूण दिसली तरी बाळाला छातीशी धरून तडक दवाखाना गाठायचा. आणि आशाताई दारात आली की तिला बाळापर्यंत जाऊ द्या, काल आणि आज यांत काय बदललं ते तिला सांगा.